ऑटोमेशन टेस्टिंग टूलचं नवशिक्यांसाठीचं डॉक्युमेंटेशन कसं सुधारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टीमने सेलेनियम (कोडमधून ब्राउझर चालवणारी लायब्ररी) आणि पायटेस्ट (पायथॉनमधल्या टेस्ट चालवणारं टूल) यांवर बेतलेलं ब्राउझर टेस्टिंगचं टूल बनवलंय, डॉक्युमेंटेशन भरपूर आहे, तरी नवीन माणूस पहिल्याच दिवशी अडकतो आणि शेवटी कुणाला तरी विचारायला जातो. आणखी काय लिहावं?

आणखी लिहायच्या आधी आहे त्यातलं पहिलं पान उघडून बघा. तिथे बहुधा टूलचं आर्किटेक्चर, फीचर्सची यादी आणि 'हेच टूल का' असा मजकूर असेल. तो सगळा मागे ढकला. पहिल्या पानावर नवशिक्याच्या मशीनवर एक टेस्ट चालली पाहिजे, बस्स. आणि लगेच त्याच पानावर तीच टेस्ट मुद्दाम फेल करायला लावा. हे फारच थोड्या ठिकाणी केलेलं दिसतं. टेस्टिंग करणाऱ्याचा बराचसा वेळ फेल झालेली टेस्ट वाचण्यात जातो, आणि आपण त्याला फक्त हिरवं आउटपुट दाखवून सोडून देतो.

फेल कसं करायचं? पानाच्या शीर्षकात जो शब्द अपेक्षित आहे तो बदलायला सांगा. मग टर्मिनलवर जे आलं ते जसंच्या तसं छापा आणि त्यात बोट ठेवून दाखवा: कोडच्या ज्या ओळीवर टेस्ट थांबली तिच्या आधी 'मोठे-पेक्षा'चं चिन्ह असतं, कारण सांगणाऱ्या ओळी रोमन 'ई' अक्षराने सुरू होतात, आणि अगदी तळाशी किती पास, किती फेल याचा गोषवारा. एवढं एकदा कळलं की पुढचे निम्मे प्रश्न तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

सरावासाठी बाहेरची वेबसाइट वापरू नका. तिचं डिझाइन बदलतं, कुकीजची पट्टी मध्ये येते, आणि दोष तुमच्या टूलवर येतो. डॉक्युमेंटेशनसोबतच एक साधं एचटीएमएल पान द्या: एक फॉर्म, एक यादी आणि दाबल्यावर तीन सेकंदांनी मेसेज दाखवणारं एक बटण. ते बटण पुढे कामाला येणार आहे.

इन्स्टॉलेशनमध्ये प्रत्येक कमांडखाली 'आता असं दिसायला हवं' म्हणून खरं आउटपुट द्या आणि त्याखाली 'असं दिसलं तर' म्हणून नेहमीचे घोळ. सेलेनियम-पायटेस्टच्या बाबतीत ते ठरलेले आहेत:

- विंडोजवर पॉवरशेलमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती वेगळी ठेवलेली पायथॉनची जागा) सुरू करताना 'स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे' अशा अर्थाची एरर येते. साध्या कमांड प्रॉम्प्टमधून तेच काम होतं, हे तिथेच लिहा.
- पॅकेज एका पायथॉनमध्ये इन्स्टॉल होतं आणि टेस्ट दुसऱ्याच पायथॉनवर चालते. म्हणून नुसती 'पिप' (पॅकेज इन्स्टॉल करणारी) कमांड न देता पायथॉनमार्फत पिप चालवायची कमांड द्या.
- नवशिक्या हौसेने आपल्या फाइलला 'सेलेनियम' असंच नाव देतो. मग पायथॉन खऱ्या लायब्ररीऐवजी त्याचीच फाइल इम्पोर्ट करतो, आणि पायथॉनच्या जुन्या व्हर्जनमध्ये येणारी एरर 'सर्क्युलर इम्पोर्ट'बद्दल बोलते. त्यावरून फाइलचं नाव चुकलंय हे कुणाच्या बापाला कळणार नाही.
- शून्य टेस्ट सापडल्या असं पायटेस्ट सांगतो, कारण फाइलचं नाव 'टेस्ट अंडरस्कोअर'ने सुरू होत नाही किंवा 'अंडरस्कोअर टेस्ट'ने संपत नाही. फंक्शनचं नावही 'टेस्ट'नेच सुरू व्हावं लागतं.

ड्रायव्हरबद्दल, म्हणजे सेलेनियम आणि ब्राउझर यांना जोडणाऱ्या प्रोग्रामबद्दल, एक स्वतंत्र परिच्छेद हवाच, कारण इंटरनेटवरची जुनी ट्युटोरियल्स अजून क्रोमड्रायव्हर हाताने डाउनलोड करायला सांगतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.६ व्हर्जनपासून सेलेनियमसोबतच येणारा सेलेनियम मॅनेजर योग्य ड्रायव्हर स्वतः आणतो. पण कधीकाळी डाउनलोड केलेला ड्रायव्हर पाथमध्ये (सिस्टिम जिथे प्रोग्राम शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) पडून असेल तर तोच आधी उचलला जातो. दरम्यान क्रोम स्वतःहून अपडेट झालेलं असतं, व्हर्जन जुळत नाही आणि सेशनच सुरू होत नाही. उपाय म्हणजे जुना ड्रायव्हर काढून टाकणं. ऑफिसच्या नेटवर्कवर प्रॉक्सी असेल तर ती कुठे द्यायची, तेही इथेच सांगा. तसंच, पानावरचा घटक आयडी, नाव वगैरेंवरून शोधणारी जुनी वेगवेगळी फंक्शन्स पायथॉनमध्ये ४.३ पासून काढून टाकली आहेत. तुमच्याच उदाहरणांत ती उरलेली नाहीत ना, हे एकदा सर्च मारून बघा.

आता वेट, म्हणजे पानावरचा घटक तयार होईपर्यंत टेस्टने थांबणं. सगळ्यात जास्त जागा याला द्या. नवशिक्याची टेस्ट त्याच्या मशीनवर चालते, सर्व्हरवर कधी चालते, कधी नाही, आणि मग तो जिथे-तिथे पाच सेकंदांचा 'स्लीप' टाकत सुटतो. दोनशे टेस्टमध्ये एकेक टाकला तरी हजार सेकंद, म्हणजे सोळा मिनिटांहून जास्त वेळ नुसता बसून जातो. इथे ते तीन सेकंदांचं बटण वापरा. आधी वेटशिवाय टेस्ट चालवायला लावा, 'घटक सापडला नाही' ही एरर त्याला स्वतःला दिसू द्या. मग दहा सेकंदांचा एक्स्प्लिसिट वेट (एका ठरावीक अटीसाठी थांबणं) टाका आणि टेस्ट तीन सेकंदांच्या आसपासच पुढे सरकते हे दाखवा, कारण तो दर अर्ध्या सेकंदाने तपासत राहतो आणि अट पूर्ण होताच थांबायचं सोडून देतो. इम्प्लिसिट वेट, म्हणजे प्रत्येक घटक शोधताना आपोआप लागू होणारा, मुळात शून्य असतो. दोन्ही एकत्र वापरू नका हे ठळक लिहा आणि कारणही द्या: दहाचा इम्प्लिसिट आणि पंधराचा एक्स्प्लिसिट लावला तर टाइमआउट वीस सेकंदांनीही येऊ शकतो, आणि मग कुठला आकडा कुठून आला हे शोधण्यात दिवस जातो.

ब्राउझर बंद करण्याचं मात्र दोन ओळींत आटपा: 'क्लोज' फक्त खिडकी बंद करतं, 'क्विट' सेशन संपवतं. 'क्विट' फिक्स्चरमध्ये (टेस्टच्या आधीची तयारी आणि नंतरची आवराआवर करणाऱ्या पायटेस्टच्या फंक्शनमध्ये) 'यील्ड'च्या नंतरच्या ओळीत ठेवायचं, म्हणजे टेस्ट फेल झाली तरी ते चालतं.

एररचं वेगळं पान करा आणि शीर्षक म्हणून एररचा मजकूर शब्दशः वापरा, कारण लोक तोच कॉपी करून शोधतात. 'ड्रायव्हरसंबंधी समस्या' असं शीर्षक कुणी शोधत नाही.

उदाहरणं डॉक्युमेंटेशनमध्ये हाताने पेस्ट करू नका. ती रिपॉझिटरीत खऱ्या फाइल म्हणून ठेवा आणि पानात तिथून ओढून घ्या. स्फिंक्ससारखी डॉक्युमेंटेशन बनवणारी टूल्स हे सहज करतात. त्या फाइल सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) प्रत्येक बदलाला चालवाच, पण आठवड्यातून एकदा आपोआपही चालू द्या. तुमचा कोड तसाच राहतो, ब्राउझर राहत नाही.

हे झालं की टूल कधीच न वापरलेल्या एकाला कोऱ्या मशीनवर बसवा आणि शेजारी गप्प बसा. त्याने विचारलं तरी सांगू नका. तो कुठे थांबला, कुठली ओळ दोनदा वाचली, कधी दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन शोधायला लागला, तेवढं टिपून घ्या. बदल त्याच जागी करा आणि पुढच्या वेळी दुसरा माणूस घ्या. पहिला आता नवशिक्या राहिलेला नसतो.