गोळी बंद केली आणि झोप उडाली

प्रश्न : वय ४६. तीन वर्षं रोज रात्री अल्प्राझोलम ही चिंता कमी करणारी गोळी ०.५ मिलिग्रॅम घेत होते. सवय लागेल या भीतीने तीन दिवसांपूर्वी एकदम बंद केली. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात, भांडं पडलं तरी दचकते. आजार उलटला का? असंच सोसत राहू का?

उत्तर : सोसू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी बहुधा पूर्वीचीच मात्रा पुन्हा सुरू करून मग ती हळूहळू उतरवतात. अल्प्राझोलमचा असर लवकर ओसरतो, त्यामुळे ती तोडल्यावर पहिल्या काही दिवसांतच आकडी येण्याचा धोका असतो. मन घट्ट करून आकडी टळत नाही. आकडी आली, बोलणं असंबद्ध झालं, नसलेलं दिसू-ऐकू लागलं किंवा जीव द्यावासा वाटला, तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. (गोळी सोडून बरेच आठवडे लोटले असतील, तर जुनी मात्रा परस्पर सुरू करू नये. शरीराची सवय मोडलेली असते, गुंगी जास्त येते.)

आजार उलटल्याची लक्षणं ही दिसत नाहीत. मेंदूतलं गाबा हे रसायन चेतापेशींना शांत ठेवतं आणि ही गोळी त्याचा जोर वाढवते. महिनोन्महिने आयती मदत मिळाली की मेंदूची स्वतःची यंत्रणा मंदावते, आणि ती पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. मूळ चिंता परतते ती सावकाश, जुन्याच काळज्या घेऊन. गोळी तुटल्याचा त्रास एक-दोन दिवसांत सुरू होतो आणि त्यात पूर्वी कधीच नव्हत्या अशा तक्रारी असतात : कानात गुणगुण, उजेड-आवाज सहन न होणं, स्नायू फडफडणं, घाम.

आता उतरवायची कशी? साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कधीच नाही. अडचण इथेच येते. ०.५ चे १० टक्के म्हणजे ०.०५, आणि ०.२५ च्या गोळीचे दोन तुकडे केले तरी ०.१२५ च्या खाली जाता येत नाही. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या डायझेपामवर नेतात. अल्प्राझोलम ०.५ म्हणजे ढोबळमानाने डायझेपाम १० मिलिग्रॅम. त्यातून २ मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, म्हणजे १ मिलिग्रॅम, एका वेळी कमी करता येते. पण ४ वर आल्यावर तोच १ मिलिग्रॅम २५ टक्के होतो. शेवटी घाई करणारेच जास्त अडखळतात. तिथे पाव गोळीची पायरी घ्यावी. वृद्धांना आणि यकृताचा विकार असलेल्यांना डायझेपाम सहसा देत नाहीत. एसआर (औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी तोडू नये, औषध एकदम सुटतं. आणि झोपेसाठी पेग तर नकोच : गोळीबरोबर घेतला तर श्वास मंदावू शकतो, गोळीऐवजी घेतला तर दुसरी सवय लागते.

प्रश्न : एस्सिटालोप्राम (नैराश्य-चिंतेवरचं औषध) १० आणि क्लोनाझेपाम (अल्प्राझोलमच्याच गटातलं) ०.५ एकाच गोळीत आहे. अर्धी करून सोडू का?

उत्तर : अर्धी केली की दोन्ही औषधं एका फटक्यात ५० टक्के उतरतात, आणि त्रास कशाचा ते कळत नाही. एस्सिटालोप्राम तुटल्यावर चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. डॉक्टरांना दोन वेगळ्या गोळ्या लिहून द्यायला सांगा. एक स्थिर ठेवून दुसरी उतरवता येते, बहुधा आधी क्लोनाझेपाम. हे औषध शरीरात रेंगाळतं, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस काहीच होत नाही, ‘सुटली बुवा’ म्हणून पट्टी फेकली जाते आणि त्रास नंतर सुरू होतो. प्रोप्रानोलोल (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) जोडलेली गोळी असेल तर तीही अचानक थांबवू नये, नाडी उसळते.

प्रश्न : अल्प्राझोलम कमी करत आणत होतो, पण केमिस्ट जुन्या चिठ्ठीवर देत नाही.

उत्तर : त्याचं बरोबर आहे. अल्प्राझोलम आणि डायझेपाम २०१४ पासून शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. विक्रीची नोंद त्याला तीन वर्षं ठेवावी लागते. पुढच्या भेटीत प्रत्येक पायरीची तारीख आणि मात्रा चिठ्ठीवरच लिहून घ्या, आणि पट्टीत आठवड्याच्या गोळ्या उरल्या की नवी चिठ्ठी मागा. डॉक्टर भेटत नसतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.