खलाशाने पक्षी का मारला?

प्रश्न : हल्ली इंग्रजी कथाकाव्यं हौसेने वाचते आहे. कोलरिजची ‘द राइम ऑफ दि एन्शंट मरिनर’ दोनदा वाचली. अल्बट्रॉस हा समुद्रपक्षी मारणारा म्हातारा खलाशी शेवटी सांगतो, की लहानथोर सगळ्या जीवांवर जो प्रेम करतो त्याचीच प्रार्थना खरी. म्हणजे भूतदया हीच थीम ना? मग त्यासाठी सात भाग आणि एवढी भुताटकी कशाला? – एक वाचिका

उत्तर : तुमचा वैताग रास्त आहे. मी शिकवत होते तेव्हा कितीतरी वर्षं फळ्यावर ‘मध्यवर्ती कल्पना : भूतदया’ असं लिहून मोकळी व्हायचे. एकदा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, बाण मारला एकाने आणि मेले दोनशे. हा कुठला न्याय?” उत्तर सुचलं नाही. घरी येऊन कविता पुन्हा काढली.

खलाशी पक्षी का मारतो, हे कविता सांगतच नाही. भूक नाही, राग नाही, पैज नाही. पहिल्या भागाच्या अगदी शेवटी तो एका वाक्यात सांगतो, की मी त्याला बाणाने मारलं. बस्स. बाकीचे खलाशी आधी त्याला शिव्या घालतात, कारण पक्ष्यामुळे वारा सुटला होता. मग धुकं निवळतं, तर तेच म्हणतात, बरं केलंस! कोलरिजने 1817 मध्ये कवितेच्या समासात टिपा घातल्या. त्यांत तो स्पष्ट म्हणतो, की असं म्हणून तेही गुन्ह्याचे भागीदार झाले. त्या मुलाला इथे अर्धं उत्तर मिळालं असतं. उरलेलं अर्धं मात्र अंगावर काटा आणणारं आहे. कोण मरणार आणि कोण जगणार, हे मृत्यू आणि ‘जिवंतपणीचं मरण’ ही दोन भुतं फासे टाकून ठरवतात. खलाशी त्या दुसरीच्या वाट्याला येतो. शिक्षाच फाशांवर ठरत असेल, तर भूतदयेचा धडा नेमका कुठे बसवायचा?

ॲना बार्बोल्ड या लेखिकेने कोलरिजला सांगितलं होतं, की तुमच्या कवितेला तात्पर्य नाही. त्यावर तो म्हणाला, उलट फार आहे! त्याच्या मते ती अरबी सुरस कथांमधल्या त्या व्यापाऱ्याच्या गोष्टीसारखी असायला हवी होती. व्यापारी विहिरीकाठी खजूर खातो आणि टरफलं बाजूला टाकतो. तेवढ्यात एक जिन उभा राहतो: तुझ्या टरफलाने माझ्या मुलाचा डोळा फुटला, आता तुला मारतो.

माझ्या मते कवितेचा गाभा या गोष्टीत आहे. कारण नसलेली एक कृती, मापाबाहेरचा परिणाम आणि मग ती हकिकत पुन्हा पुन्हा सांगत फिरायची सक्ती. भूतदयेची ओळ हे खलाशाने स्वतःसाठी शोधलेलं तात्पर्य आहे, ते कवितेचंही मानायची गरज नाही. म्हणून कथाकाव्य वाचताना मी आधी एवढंच बघते: कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि काय गाळतंय. इथे ऐकणारा लग्नाला निघालेला पाहुणा आहे. गोष्ट संपल्यावर तो लग्नघराच्या दारातून मागे फिरतो. दुसऱ्या दिवशी उठतो तो शहाणा झालेला, आणि जास्त दुःखीही. नुसती भूतदया शिकून कुणी दुःखी होतं का?

प्रश्न : कोलरिज, कीट्स या इंग्रजी कवींना रोमँटिक म्हणतात, पण प्रेमकविता फारशा दिसत नाहीत. असं का? – एक विद्यार्थी

उत्तर : हा शब्द ‘रोमान्स’वरून आला, आणि रोमान्स म्हणजे मध्ययुगातल्या सरदारांच्या, जादूटोण्याच्या अद्भुत कथा. प्रेम त्यांत असतं, पण क्वचितच धड असतं.

कीट्सची 1819 मधली ‘ला बेल दाम साँ मर्सी’ (म्हणजे ‘निर्दय सुंदरी’) वाच. बाराच कडवी आहेत. पहिल्या तीन कडव्यांत कुणीतरी एका आजारी, एकट्या सरदाराला विचारतं, तुला झालंय काय? पुढची नऊ कडवी सरदार बोलतो. त्याला एक सुंदर परी भेटली, तिने त्याला गुहेत नेऊन झोपवलं आणि तो थंड डोंगरउतारावर जागा झाला. परीक्षेत मुलं लिहितात, ‘निर्दय स्त्रीने फसवलं.’ पण तिला निर्दय म्हणतात ते सरदाराच्या स्वप्नातले फिकट राजे. ती स्वतः तर गुहेत रडते, आणि का रडते ते हा विचारत नाही. ती परक्या भाषेत काहीतरी बोलते. त्याचा ‘माझं तुझ्यावर खरं प्रेम आहे’ असा अर्थ लावतो तो हाच! तिचं म्हणणं आपल्याला कधी ऐकूच येत नाही.

आणखी एक गंमत बघ. ‘एकही पक्षी गात नाही’ ही ओळ पहिल्या कडव्यात विचारणाऱ्याची आहे. शेवटच्या कडव्यात तीच ओळ सरदाराच्या तोंडी येते. विचारणारा त्यानंतर एक अक्षर बोलत नाही.