करवंटीवरून चावाचावी

प्रश्न: आमचं एकत्र कुटुंब. मुलगा चार वर्षांचा, पुतणी सहाची. खळ्यात खेळताना करवंट्यांवरून रोज भांडण, आणि हा चावतो. सासूबाई म्हणतात, एक धपाटा दे. काय करू?
– एक आई, गुहागर

उत्तर: ताई, धपाटा नको. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते, चार वर्षांच्या पोराला राग आवरत नाही यात नवल नाही. बालवाडीत मी रोज हेच पाहते. मारलं तर तो मारणंच शिकेल.

आधी पुतणीजवळ जा, तिला विचारा कुठे दुखतंय. मग मुलासमोर खाली बसा, त्याचे हात हलकेच धरा. "करवंटी ओढली म्हणून तुला राग आला ना? राग येऊ दे. चावायचं मात्र नाही." एवढंच. हुंदके थांबेपर्यंत उपदेश ऐकूच जात नाही, आणि दमात घेऊन वदवलेलं 'सॉरी' मला तरी पोकळ वाटतं. शांत झाल्यावर दोघांनाही बोलू द्या, मधे तोडू नका. नंतर विचारा, "करवंटी एक, तुम्ही दोघं, आता काय करूया?" उपाय मुलं काढतात, कधी आपल्याला न सुचणारा.

रुसवा, भीती, हेवा हे शब्द एरवीही वापरा, बाबा उशिरा आले की "वाट बघून हिरमुसलास का?" असं.

सासूबाईंना सांगा, ताराबाई मोडकांनी आपल्याच किनाऱ्यावर, बोर्डीला, 1945 साली बालशिक्षणाचं काम उभारलं, तेही छडीविना.

चाव्यातून रक्त आलं तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा.