गहुंज्याला जाताना परतीचा विचार आधी करा

प्रश्न : साताऱ्याहून चारचाकीने पुण्याजवळच्या गहुंजे स्टेडियमवर क्रिकेटचा दिवस-रात्र सामना पाहायला येतोय. सोबत सत्तरीचे वडील आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. तिकीट कुठल्या बाजूचं काढावं? गाडीचं काय करावं?

उत्तर : पुण्यात शिरूच नका. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बायपास धरा आणि वारजे, चांदणी चौक, वाकड, किवळे करत मामुर्डीला उतरा. गाड्या तुंबतात त्या नवले पुलाशी आणि वाकडच्या पट्ट्यात. सामना दीडला असेल तर अकरापर्यंत वाकड मागे पडलेलं बरं.

तिकीट काढताना आसनांचा नकाशा नीट पाहा. खेळपट्टी दक्षिणोत्तर आहे. त्यामुळे दुपारनंतर पूर्वेच्या स्टँडमध्ये ऊन थेट तोंडावर येतं, ते मावळेपर्यंत हटत नाही. पश्चिमेला ते पाठीशी असतं. (कसोटीत सकाळच्या सत्रात नेमकं उलटं.) सगळ्या स्टँडवर छप्पर नाही आणि तापलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वडीलधाऱ्यांना तासभरही बसवत नाही. म्हणून पश्चिमेचं किंवा छपराखालचं, आणि खालच्या ओळींतलं तिकीट घ्या. वरच्या ओळींसाठी पायऱ्या फार चढाव्या लागतात.

पार्किंग मोकळ्या शेतजमिनींवर असतं. तिथून गेटपर्यंत बरंच चालावं लागतं. पोलीस सोडतील तिथवर गाडी नेऊन वडिलांना उतरवा, मुलाला त्यांच्यापाशी ठेवा. गाडी लावताना तिचं तोंड रस्त्याकडे करा आणि जवळच्या खांबाचा किंवा फलकाचा फोटो काढून ठेवा. रात्री सगळी शेतं सारखीच दिसतात आणि गर्दीत फोन लागत नाही. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, हेही आधीच ठरवा. पाण्याची बाटली, पॉवर बँक, मोठी पिशवी गेटवर अडवतात. ती गाडीतच राहू द्या. वडिलांच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह खिशात हव्यात.

खरी परीक्षा परतताना असते. स्टेडियमची क्षमता सुमारे 37,000 आणि बाहेर पडायचे रस्ते मोजकेच. शेवटचा चेंडू पडला की सगळे एकदम उठतात. तुम्ही उठू नका. अर्धा-पाऊण तास जागेवरच बसा. डिसेंबर-जानेवारीत त्या उघड्या माळावर रात्री चांगलीच थंडी पडते. स्वेटर, कानटोपी हवीच.

प्रश्न : गाडी नसेल तर लोकलने जमेल का?

उत्तर : जाताना जमेल. लोणावळा लोकलने देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरून पुढे रिक्षा करा. दुपारी फेऱ्या विरळ असतात, म्हणून सकाळचीच गाडी धरा. परतीचं अवघड आहे : रात्री तिथे रिक्षा मिळणं मुश्कील, आणि शेवटची लोकल सामना संपायची वाट पाहत नाही. मोठ्या सामन्यांना पीएमपीच्या जादा बस सुटतात, त्या सोयीच्या. चढतानाच कंडक्टरला परतीची बस कुठे उभी राहील ते विचारून घ्या. दुचाकीने जाणार असाल तर द्रुतगती मार्गावर बंदी आहे, बायपासनेच जा. हेल्मेट आत नेता येत नाही, ते गाडीलाच कुलपाने अडकवा.

प्रश्न : सामना नसताना, अर्ध्या दिवसात शहरातली कुठली मैदानं पाहता येतील?

उत्तर : स्वारगेट मेट्रो स्थानकावर उतरा. नेहरू स्टेडियम आणि सारसबागेसमोरचं सणस मैदान, दोन्ही तिथून चालत गाठता येतात. नेहरू स्टेडियमवर 29 फेब्रुवारी 1996 रोजी विश्वचषकात केनियाने 166 धावा करून वेस्ट इंडिजला 93 धावांत गुंडाळलं होतं. लारा 8 धावांवर यष्टिरक्षक तारिक इक्बालच्या हाती झेल देऊन गेला. नवं काही बघण्याआधी हे मैदान बघावं, असं आम्ही आवर्जून सांगू. तिथून पूना क्लबला रिक्षा करा. महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर 1948 मध्ये काठियावाडविरुद्ध नाबाद 443 केल्या, त्या तिथेच. ब्रॅडमनच्या 452 धावांच्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला अवघ्या नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामना सोडून दिला. क्लब खासगी आहे, म्हणून फाटकावर विचारूनच आत जा.