पणजोबांचा रॉजर्स चाकू खरंच १८५७ चा असेल का?

तुम्ही लिहिलंय की पणजोबांच्या ट्रंकेत शिंगाच्या मुठीचा, दोन पात्यांचा घडीचा चाकू सापडला. मोठ्या पात्यावर ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स, कटलर्स टू हिज मॅजेस्टी’ (म्हणजे महाराजांचे चाकू-सुऱ्या बनवणारे) असं कोरलेलं आहे. मागच्या बाजूला जी आणि आर या अक्षरांमध्ये मुकुट आहे आणि खाली ‘शेफील्ड इंग्लंड’. शेफील्ड हे चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेलं इंग्लंडमधलं शहर आणि रॉजर्स ही तिथली चाकू बनवणारी कंपनी. घरात सांगतात की तो १८५७ च्या धामधुमीत एका गोऱ्या साहेबाकडून मिळाला. पणजोबा १९३२ साली वारले. हे खरं का आणि चाकू पॉलिश करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

पॉलिशचं आधी सांगतो, कारण उत्तर मिळेपर्यंत कोणीतरी तो धारवाल्याकडे नेईल अशी मला भीती वाटते. कृपा करून नेऊ नका. माझ्या वडिलांचा असाच एक चाकू मी धार लावायला दिला होता. सहाणेच्या चाकाने पात्याच्या मुळाशी असलेला ठसा पार घासून गेला. धार छान लागली, पण तो कोणी आणि कधी बनवला हे आता कधीच कळणार नाही. मऊ फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब घेऊन हलकेच पुसा, एवढंच पुरे. पात्यावरची करडी-काळी छटा घाण नसते, ती जुन्या पोलादाची साय आहे. तांबूस गंज मात्र तेलाने सोडवावा.

आता वयाकडे वळू. तुमच्या चाकूने स्वतःच बरंच सांगितलंय. १८५७ साली इंग्लंडच्या गादीवर राणी व्हिक्टोरिया होती, १८३७ पासून १९०१ पर्यंत. त्या काळातल्या रॉजर्सच्या पात्यांवर ‘हर मॅजेस्टी’ असतं आणि मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आणि आर. तुमच्या पात्यावर ‘हिज’ आहे, म्हणजे गादीवर राजा होता. जी म्हणजे जॉर्ज, आर म्हणजे रेक्स, लॅटिनमध्ये राजा. पण जॉर्ज कोणता? चौथा जॉर्ज १८२० ते १८३० मध्ये होता, पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२. नुसत्या अक्षरांवरून शंभर वर्षांचा घोळ होऊ शकतो.

हा घोळ ‘इंग्लंड’ या शब्दाने सुटतो. अमेरिकेने १८९० साली केलेल्या जकातीच्या कायद्यामुळे १८९१ पासून तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं. शेफील्डच्या कारखानदारांनी मग पात्यांवर देशाचं नाव घालायला सुरुवात केली. म्हणून चौथा जॉर्ज गळाला. पणजोबांचं १९३२ साल धरलं तर सहावाही गळाला. उरला पाचवा जॉर्ज. म्हणजे चाकू १९१० ते १९३२ च्या दरम्यानचा. कारखान्यातले ठसे राजा बदलला की दुसऱ्या दिवशी बदलत नसत, त्यामुळे एखाद-दोन वर्षं इकडेतिकडे धरा.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण यात जाणकारही फसतात. ‘इंग्लंड’ असणं हा पुरावा आहे, नसणं हा पुरावा नाही. हिंदुस्थानात येणाऱ्या मालाला तो अमेरिकन कायदा लागू नव्हता. तेव्हा उद्या कोणी नुसतं ‘शेफील्ड’ लिहिलेला चाकू दाखवून ‘१८९१ च्या आधीचा आहे’ म्हणाला, तर मान हलवू नका.

पातं स्टेनलेस असतं तर वेगळी खूण मिळाली असती. हॅरी ब्रेअर्लीने ते पोलाद शेफील्डमध्येच १९१३ साली तयार केलं, त्यामुळे ‘स्टेनलेस’ लिहिलेला चाकू त्यानंतरचाच. तुमचं काळं पडणारं साधं पोलाद आहे. ते नंतरही कितीतरी वर्षं वापरात होतं, म्हणून त्यावरून काही ठरत नाही.

नक्कल आहे का, हेही बघायला हवं. रॉजर्सचं नाव इतकं मोठं होतं की जर्मनीतल्या झोलिंगेनमध्ये शेफील्डचे खोटे ठसे मारलेला माल निघायचा. १८८७ च्या ब्रिटिश मालचिन्ह कायद्यामागे शेफील्डकरांची ही तक्रार होती. अस्सल पात्यावर नावाजवळ एक तारा आणि त्याच्या शेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे आठ टोकांचा क्रूस असतो. शेफील्डच्या कटलर्स कंपनीकडून, म्हणजे चाकू-सुऱ्या बनवणाऱ्यांच्या संघाकडून, रॉजर्सना ही खूण १७६४ मध्ये मिळाली. अक्षरं ठोकलेली, खोल हवीत, आणि इंग्रजीत रॉजर्स लिहिताना त्यात ‘डी’ असायलाच हवा. अक्षरं दिसत नसतील तर अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, पुसट ठसाही सावलीने उठून दिसतो. तरी न जमल्यास पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवा, लहानपणी नाण्यावर फिरवायचो तशी.

मूठ फोटोवरून सांबरशिंगाची वाटते. बाहेरून खडबडीत, तपकिरी, खाचांमध्ये गडद. शेफील्डला हे शिंग आपल्याकडूनच जायचं. म्हणजे इथल्या जंगलातलं शिंग समुद्रापार जाऊन, मूठ होऊन तुमच्या पणजोबांच्या हातात परत आलं असणार. मला यात १८५७ च्या गोष्टीइतकीच गोडी वाटते. सांबर संरक्षित प्राणी आहे, म्हणून विकायचा विचार असेल तर आधी वनखात्यात विचारा.

एक काम राहिलंय. लहान पातं पूर्ण उघडून त्याच्या मुळाशी, मूठ सुरू होते तिथे, काही कोरलंय का ते बघा आणि त्याचा फोटो टाका. तिथेही रॉजर्स असेल तर चाकू मूळचा आहे. दुसरंच नाव निघालं किंवा कोरं असलं, तर पातं कधीतरी बदललेलं असू शकतं. मग मोठ्या पात्याचा खिळा नंतर ठोकलेला आहे का, हेही तपासावं लागेल.