ठासणीच्या जुन्या बंदुकीचा घोडा थांबत नाही, लोहाराकडून वेल्डिंग करून घेऊ का?

वेल्डिंग अजिबात नको, भाऊ. चोपड्याच्या घरात सापडलेल्या आजोबांच्या बंदुकीचा घोडा ओढून सोडला की लगेच खाली येतो, आणि लॉकच्या, म्हणजे घोडा अडवून सोडणाऱ्या यंत्रणेच्या, पट्टीवर मुकुट नि 'टॉवर' ही अक्षरं आहेत, असं तुम्ही लिहिलंय. बहुधा 1853 च्या एनफिल्ड या ब्रिटिश लष्करी बंदुकीच्या धाटणीची असावी. नळीत तीन चर दिसले तर रायफल. 1857 नंतर देशी पलटणींना गुळगुळीत नळीच्याही दिल्या गेल्या, त्या बाहेरून तशाच दिसतात.

आधी ती भरलेली नाही ना, ते बघा. तोंडासमोर न येता लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडा, नळीच्या तोंडाशी खूण करा आणि तीच काठी नळीला बाहेरून लावा. टोक निपलच्या (घोडा आपटतो त्या बोंडाच्या) चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे. कोरडी काळी दारू शंभर वर्षांनीही पेटते, तेव्हा तिथेच हात थांबवा.

रिकामी असेल तर डावीकडचे दोन स्क्रू थोडे सैल करून त्यांच्या डोक्यांवर हलकं ठोका, लॉक उजवीकडे सुटून येईल. हातात धरून घोडा ओढा. थांबला? मग लॉक ठणठणीत आहे, दोष लाकडात आहे. खानदेशातला मे महिना तुम्हाला सांगायला नको. दस्ता आकसतो, कोणीतरी स्क्रू आणखी आवळतो आणि चाप आतल्या जिभलीला, म्हणजे घोडा अडवून धरणाऱ्या तुकड्याला, कायम रेटून धरतो. मग ती घोड्याला जोडलेल्या भागाच्या खाचेत बसणार कशी?

बाहेरही थांबला नाही तर जिभलीचं टोक तुटलंय, तिची छोटी कमान (स्प्रिंग) गेलीय किंवा खाच झिजलीय. खाचेला कानस लावू देऊ नका, घोडा अर्धाच ओढलेला असताना बार सुटायचा. घोड्याला जोर देणारी मोठी कमान पकडीने उपटायची नाही. आणि तुटलेली कमान वेल्डिंगने सांधली तर तिचं पाणी उतरतं, ती नवीच घडवावी लागते: लाल करून तेलात विझवायची, मग निळा रंग येईपर्यंत पुन्हा तापवायची. विळ्याला पाणी देणाऱ्या लोहाराने ही दुसरी पायरी गाळली, की पहिल्याच ओढीला काचेसारखी तडकते.

पण त्याआधी कागद. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 45 मधली सूट नुसत्या मोडक्या बंदुकीला नाही, दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे. तुमची तर दुरुस्त होण्यासारखी दिसते. आजोबांचा परवाना शोधा, जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम बघणाऱ्यांना विचारा, आणि काम परवाना असलेल्या कारागिराकडेच द्या.