१९७४ सालच्या गिरगावातल्या एकांकिकेसाठी पुरुष पात्रांचे कपडे आणि केस खरे वाटतील असे कसे करावेत?

मे १९७४, रेल्वे संपाचे दिवस, गिरगावच्या चाळीतली एक खोली आणि तीन पुरुष: कॉलेजात जाणारा धाकटा, रेल्वेत कारकून असलेला थोरला आणि निवृत्त वडील. स्पर्धेला दोन महिने आहेत आणि तिघांनाही बेलबॉटम भाड्याने आणावी का, असं तुम्ही विचारलं आहे. भाड्याने आणू नका, आणि तिघांना तर मुळीच घालू नका. बेलबॉटम एकट्या धाकट्याची. ती मात्र मापाने शिवून घ्या.

भाड्याच्या कपड्यांत ‘सत्तरचं दशक’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक गॅदरिंगच्या नाचासाठी शिवलेलं असतं. चकाकणारं सॅटिन, मोठाले ठिपके, पांढरा डिस्को सूट. तो सूट ज्या अमेरिकन चित्रपटामुळे जगभर गेला तो आला डिसेंबर १९७७ मध्ये. पोटाशी गाठ मारलेला निळा शर्ट ‘दीवार’मधला, म्हणजे जानेवारी १९७५. डेनिमचं जाकीट ‘शोले’तलं, ऑगस्ट १९७५. तुमच्या नाटकाच्या दिवसांत यातलं काहीच आलेलं नाही. धाकट्याने पाहिलेला अमिताभ मे १९७३ च्या ‘जंजीर’मधला, आणि ‘बॉबी’ लागून जेमतेम आठ महिने झालेत. थोरल्याच्या मनात अजून राजेश खन्नाच आहे. पहिल्या रांगेत सत्तरीचा परीक्षक बसला असेल तर तो तेव्हा कॉलेजात होता. असली चूक त्याच्या लगेच लक्षात येते.

आणखी एक. मे महिना आहे, मुंबई आहे. हायनेक, लेदर जाकीट, कोट यातलं काहीही नको. सफारीही टाळा. तिचा खरा प्रसार दशकाच्या उत्तरार्धातला, आणि ती हुद्द्यावरच्या माणसाला शोभायची.

आता धाकट्याची पँट. सगळी मेहनत इथे आहे.

कापडापासून सुरुवात करा. त्या वेळी दिमाख होता टेरिलीन (पॉलिस्टर) आणि टेरिकॉट (पॉलिस्टर-सुती मिश्रण) यांचा. इस्त्री टिकायची, रंग जायचा नाही, आणि सुतीपेक्षा महाग असल्यामुळे अंगावर टेरिलीन असणं हीच एक मिरवायची गोष्ट होती. आज त्याच्या जवळ जाणारं कापड म्हणजे पॉलिस्टर-व्हिस्कोस, दुकानदार ज्याला ‘टीआर’ म्हणतात. मुंबईत मंगलदास मार्केटला, पुण्यात लक्ष्मी रोडला सहज मिळेल. लायक्रा नको. कापड आडवं ओढून बघा, रबरासारखं ताणलं गेलं तर बाजूला ठेवा. लायक्राचं कापड पोटरीला चिकटतं आणि खालचा घेर मरतो. अगदी पातळही नको, कारण घेर उभा राहायला कापडाला वजन लागतं. रंग तपकिरी, विटकरी, बॉटल ग्रीन किंवा मळकट क्रीम. ५८ इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड साध्या पँटला पुरतं, इथे दीड मीटर घ्या. कापड वाचवायला कटर एक पाय सुलटा आणि एक उलटा बसवतात. थोडीही चमक असलेल्या कापडात मग एक पाय दुसऱ्यापेक्षा गडद दिसतो. घरात कळत नाही, स्पॉटखाली लगेच कळतं. चारही तुकडे एकाच दिशेने कापायला सांगा.

माप देताना टेलरला ‘बेलबॉटम शिवा’ एवढंच सांगू नका, आकडे द्या. समजा मुलाची कंबर ३०, सीट (नितंबाचा घेर) ३६ आणि पँटची उंची ४० इंच आहे. कंबर बेंबीच्या दोन बोटं खाली बसली पाहिजे. पुढे चुण्या नाहीत, सपाट. सीटला अंगाच्या मापावर फक्त एक ते दीड इंच ढील, मांडीला दीड इंच. गुडघ्याचा घेर १७. मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, पूर्ण घेरात २४ ते २६. दशकाच्या सुरुवातीला मोहरी २० ते २२ असायची, पुढे शौकीन पोरं २८-३० पर्यंत गेली, पण चाळीतल्या मुलाला घरातून एवढी मोकळीक मिळाली नसती. वडिलांच्या तोंडी बेलबॉटमवर एखादं वाक्य असेल तर २६ घ्या, नसेल तर २४.

घेर सुटतो तो गुडघ्याच्या इंचभर वरून. आजचे टेलर हमखास चुकतात ते इथेच. बूटकटची सवय असते म्हणून ते पोटरीच्या मध्यापासून घेर सोडतात आणि पँट २००० सालातली दिसायला लागते. उलट मांडीपासूनच सोडला तर ती ‘पॅरलल’ होते. तिची फॅशनही नंतरची. गुडघ्यापर्यंत पायाला चिकटलेली आणि त्याखाली घंटा, ही रेघ लांबून ओळखू आली पाहिजे.

वाढवलेला घेर चारही कडांवर सारखा वाटा. गुडघ्याला १७ आणि खाली २५ म्हणजे ८ इंचांची वाढ. पुढच्या तुकड्याच्या दोन कडा आणि मागच्याच्या दोन, प्रत्येकीला २ इंच. सगळी वाढ बाहेरच्या शिवणीला दिली तर पाय एका अंगाला फुगतो आणि चालताना घेर लेहंग्यासारखा बाहेर उडतो.

उंची बुटासकट मोजायची. टाचेकडे मोहरी जमिनीपासून अर्धा इंच वर, पुढे बुटावर टेकताना त्याहून अर्धा इंच आखूड. म्हणजे खालची रेघ पुढून मागे किंचित उतरती. खाली दुमडायला दीड इंच सोडा, पण ते कापड घेराच्याच तिरप्या रेघेत कापत नेऊ नका. आरशात दिसावं तसं उलट, आत वळवून कापा. नाहीतर दुमडलेला भाग वरच्या भागापेक्षा रुंद होतो आणि आत चुण्या पडतात. टेलर मग इस्त्रीने त्या दाबून बसवतो, दोन तालमींत पुन्हा उठतात.

आता एक बारीक गोष्ट, जी दिसली की जुना माणूस हमखास हसतो. जमिनीवर घासून मोहरीची मागची कड विरायची, म्हणून आतून पितळी चेनचा पट्टा शिवत. चेनची पट्टी आत आणि दात कडेच्या केसभर बाहेर. मग फरशीवर घासायचे ते दात, कापड नाही. चालताना बारीक खरखर यायची. १४ इंचांची धातूची एकच चेन आणा, खालचा अडसर कापून तिच्या दोन बाजू सुट्या करा, सरकणारा हुक काढून टाका. एकेक बाजू एकेका पायाला, मागच्या अर्ध्या घेराला पुरते. प्लॅस्टिकची चेन घेऊ नका, ती चमकत नाही आणि वाजतही नाही. धाकटा खाटेवर पाय वर घेऊन बसत असेल तर ते दात प्रेक्षकाला दिसतात, आणि तेवढ्यावर अख्खी पँट खरी ठरते.

शिवायला पैसेच नसतील तर जुनी, लायक्रा नसलेली सरळ पँट घ्या आणि कळ्या टाका. बाहेरची आणि आतली अशा दोन्ही शिवणी गुडघ्यापासून खाली उसवा. १६ ची मोहरी २४ करायची तर प्रत्येक शिवणीत तळाला ४ इंचांची त्रिकोणी कळी, अधिक दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच दाब (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड). कापडाचा उभा धागा कळीच्या मधोमध आला पाहिजे. शिवताना टोकापासून खाली या, खालून वर जाऊ नका. वर गेलात तर उरलेलं सगळं कापड टोकाशी गोळा होतं आणि गुडघ्यावर फोड आल्यासारखं दिसतं. रंग तंतोतंत जुळला नाही तरी दहाव्या रांगेतून खपून जातं.

चाळीतली खोली म्हणजे मांडी घालून बसणं आलं, आणि ही पँट मांडीवर तंग असते. मागच्या मधल्या शिवणीत दीड इंच दाब ठेवा, ती शिवण दोनदा मारा, आणि दोन पायांच्या जोडावर आतून तीन इंचांची चौकट कळी लावा. ती दिसत नाही, पण प्रयोगात पँट फाटण्यापासून वाचवते.

शर्ट अंगाला बसलेला, पाठीत दोन उभे डार्ट (कापड अंगासरशी आवळणाऱ्या शिवलेल्या चुण्या). कॉलर लांब टोकांचा, ज्याला तेव्हा डॉग कॉलर म्हणत. टोक सव्वाचार इंच. आजच्या शर्टाचं पावणेतीन ते तीन असतं. आत कडक कॅनव्हास घाला, नाहीतर दिव्यांच्या उष्णतेने आणि घामाने दुसऱ्या प्रवेशातच टोकं वर वळतात. कापडावर मोठी फुलं किंवा आंब्याची नक्षी चालेल, रंग मात्र मातकट. शर्ट खोचलेला, दोन इंच रुंद पट्टा, मोठं बक्कल. जीन्स नको. या घरात ती कुणी परदेशातून आणून दिल्याशिवाय येणार नाही, आणि मग संहितेत त्याचा उल्लेख लागेल.

उंच टाचेचे बूट आणत असाल तर अडीच इंचांच्या वर जाऊ नका आणि ते तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून घालायला द्या. पँटची उंचीच त्यांच्यावर ठरते. शिवाय लांब मोहरी दुसऱ्या पायाच्या टाचेत अडकते, ती सवय एका दिवसात होत नाही.

थोरला तिशीतला असेल तर त्याची पँट अजून साठच्या दशकातली: मोहरी १६-१७, कंबर वर, पुढे एकेक चुणी. सुती बुशशर्ट बाहेर सोडलेला. शौक दाखवायचाच तर एखादा ‘गुरू’ कुर्ता खुंटीवर टांगा, राजेश खन्नामुळे १९७० च्या आगेमागे घरोघर शिवला गेलेला. संपावर असलेला माणूस तो घालणार नाही, पण खुंटीवर तो बरंच बोलतो. हातात किल्ली द्यायचं एचएमटी, लहान डायलचं. आजचं मोठं घड्याळ मनगटावर ताबडतोब खटकतं. वडील घरात गंजीफ्रॉक आणि पंचा किंवा लेंगा, बाहेर पडताना धोतर, सदरा, काळी टोपी. इथे खर्च करायची गरजच नाही.

केसांचं आजच ठरवा, कारण केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटरच वाढतात. दोन महिन्यांत हाती येणार जेमतेम अडीच सेंटिमीटर. धाकट्याने कानाजवळ आणि मानेवर आजपासून मशीन लावू द्यायचं नाही. कान निम्मे झाकलेले आणि मागून केस कॉलरला टेकलेले, एवढं हवं. प्रयोगाच्या आठवडाभर आधी फक्त कात्री-कंगव्याने, आणि तेही माथ्यावरचे कापायचे, म्हणजे कडेचे जड दिसतात. भांग मधोमध नको, मध्यापासून दोन बोटं डावीकडे. तेल नाही, धुऊन, ब्रशने मागे घेत वाळवलेले. कल्ले कानाच्या पाळीपर्यंत, खाली रुंद, तळ आडवा सरळ कापलेला. निमुळते कल्ले साठच्या दशकातले.

कडा आधीच बारीक केल्या असतील तर पूर्ण विग मागवू नका. स्वस्त विगची कपाळावरची रेघ शेवटच्या रांगेतूनही दिसते. स्वतःचे केस ठेवून फक्त कल्ले क्रेपचे (मेकअपसाठी वेणीत गुंफून मिळणाऱ्या केसांचे) लावा. क्रेपची वेणी आदल्या रात्री सोडून, ओली करून, ताणून वाळवा, नाहीतर ते कुरळेच राहतात. त्वचा स्पिरिटने पुसून कोरडी करा, स्पिरिट गमचा (मेकअपच्या डिंकाचा) पातळ हात द्या आणि तो चिकचिकीत होईपर्यंत थांबा. घाईने ओल्या गमवर लावलं की केस सरकतात. खालून वर थर द्यायचे: आधी पाळीपाशी, मग त्यावर, शेवटी खऱ्या केसांत मिसळून. ओल्या फडक्याने दाबा आणि लावून झाल्यावरच कापून आकार द्या. गम चार दिवस आधी कानामागे लावून बघा, काहींना त्याने पुरळ येतं. काढताना ओढू नका, खोबरेल तेल जिरवा.

थोरल्याचे केस आखूड, तेल लावून चापलेले, पुढे छोटा कोंबडा काढलेला. वडिलांचे जसे असतील तसे.

रंगीत तालीम दिव्यांसकट घ्या आणि कॉलरची टोकं, दोन्ही पायांचा रंग आणि कल्ल्यांच्या कडा या तीन जागा मागच्या रांगेत बसून तपासा. टेलरकडे पँटची ट्रायल त्याआधी किमान पंधरा दिवस ठेवा, कारण मोहरी आखूड झाली तर दुमडलेल्या दीड इंचातून फार तर एक इंच परत मिळतो.